लेखनकामाठी

‘काळाच्या कसोटीला उतरतं ते अभिजात’ ही व्याख्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातली गोम लक्षात येत नाही. या व्याख्येत कोणालाच काही करावं लागत नाही. परीक्षा काळ घेणार, पेपर काळ तपासणार, निकाल लागला की आपण टाळ्या वाजवायच्या. प्रत्यक्षात काळाला दोनच कामं येतात: कागद पिवळा करणं आणि फिल्म कुजवणं. उरलेलं सगळं माणसं करतात. कोणी पोथी उतरवून घेतो, कोणी छापखान्यात खिळे जुळवतो, कोणी गंजलेल्या डब्याचं झाकण उघडून आत नाक घालतो. पुस्तक किंवा चित्रपट अभिजात होतो तो या कामातून. आणि हे काम वाट्याला न आल्यामुळे मागे पडलेल्या चांगल्या कलाकृती मराठीत थोड्याथोडक्या नाहीत.

१८८२ साली ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुण्यात छापलं गेलं. प्रती पाचशे. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्याची बाजू घेतली, आणि मग पुस्तक दिसेनासं झालं. ते पुन्हा वाचकांच्या हाती आलं १९७५ साली, स. गं. मालशे यांनी शोधून छापलं तेव्हा. मधली ९३ वर्षं हे पुस्तक अभिजात होतं की नव्हतं? त्यातला एक शब्दही बदललेला नव्हता. बदललं ते एवढंच की कोणीतरी एक प्रत मिळवली, प्रस्तावना लिहिली आणि छापखान्यात दिली. आज स्त्रीवादी विचाराच्या कोणत्याही भारतीय यादीत हे पुस्तक असतं. ती प्रत मालशांच्या हाती लागली नसती तर ‘काळाच्या कसोटीला उतरलं नाही’ असं आपण बिनदिक्कत म्हटलं असतं. म्हणायला तरी पुस्तकाचं नाव ठाऊक असतं का, हाच प्रश्न आहे.

फुल्यांच्या ‘तृतीय रत्न’ नाटकाचं त्याहून वाईट झालं. ते १८५५ साली लिहून, ग्रंथांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिलेलं. कमिटीने नाकारलं. छापील रूपात ते वाचकांना मिळालं १९७९ साली. मराठी रंगभूमीचा इतिहास तोवर लिहून झाला होता, अभ्यासक्रम ठरले होते, परंपरा कुठून सुरू होते हे पाठ झालं होतं. सव्वाशे वर्षं उशिरा आलेल्या नाटकाला ती परंपरा घडवण्याची संधीच मिळाली नाही. त्याच्याकडे बघून कोणी लिहिलं नाही, त्याच्याशी भांडून कोणी दुसरं नाटक रचलं नाही. म्हणून ‘तृतीय रत्न’ आज महत्त्वाचं आहे, पण अजून अभिजात नाही, असं माझं मत. दोष नाटकाचा नाही.

गुण लागतोच, यात वाद नाही. पण गुण ही पहिली अट आहे, शेवटची नव्हे. आणि गुणाबद्दलची चर्चा आपल्याकडे भरपूर होते, म्हणून इथे ती बाजूला ठेवतो.

मराठीत या कामाचा सगळ्यात जुना आणि नेमका दाखला पैठणचा आहे. ज्ञानेश्वरी सांगितली गेली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. पुढची तीनशे वर्षं ती नकलांवर जगली. नकला करताना काय होतं ते पोथ्या हाताळणाऱ्यांना चांगलं माहीत असतं. जुनी पोथी सलग लिहिलेली, शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही; त्यामुळे अक्षरं बरोबर असली तरी शब्द चुकीच्या ठिकाणी तुटतात. व आणि ब, घ आणि ध, थ आणि य, प आणि ष ही अक्षरं घाईच्या हातात एकमेकांसारखी दिसतात. एकाच शब्दाने संपणाऱ्या दोन ओव्या जवळ आल्या की नकलकाराची नजर पहिलीवरून दुसरीवर घसरते आणि मधला मजकूर गळतो. हे अजाणता होणारं. जाणूनबुजून होणारं त्याहून घातक: न कळलेला जुना शब्द काढून ओळखीचा घालणं, समासात कोणीतरी लिहिलेली टीप मूळ ओवी समजून आत घेणं, आणि भक्तीच्या भरात पदरच्या ओव्या जोडणं.

एकनाथांनी हे सगळं निस्तरलं आणि शेवटी आपण काय केलं ते लिहून ठेवलं. ‘शके पंधराशें साहोत्तरीं’, म्हणजे १५८४ साली, तारण नाम संवत्सरात, भाद्रपदातल्या कपिलाषष्ठीला, ‘प्रतिष्ठानीं गोदातटीं’, म्हणजे पैठणला, काम पुरं झालं. ग्रंथ मुळात अतिशुद्धच होता, पण ‘पाठांतरीं शुद्ध अबद्ध’, वेगवेगळ्या पाठांमुळे गबाळा झाला होता, तो शोधून प्रतिशुद्ध केला. या कामाला त्यांनी दिलेला शब्द बघा: ‘लेखनकामाठी संपूर्ण झाली’. कामाठी म्हणजे अंगमेहनतीचं, हमाली वळणाचं काम. स्वतः एवढा मोठा कवी असलेला माणूस संपादनाला कामाठी म्हणतो आणि त्यात काही कमीपणा मानत नाही. आणि मग तो प्रसिद्ध इशारा: यापुढे ज्ञानेश्वरीच्या पाठात जो आपली मराठी ओवी घालील त्याने ‘अमृताचे ताटीं’ नरोटी ठेवली असं समजावं. नरोटी म्हणजे करवंटी.

चारपाच ओव्यांत तारीख, ठिकाण, करणाऱ्याचं नाव, कामाचं स्वरूप आणि पुढच्यांसाठी नियम, सगळं आलं. अर्थात एकनाथांची आवृत्ती हा शेवटचा शब्द ठरला नाही. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक पोथी १९०९ साली छापली, तिच्या भाषेचं व्याकरण मांडलं, आणि एकनाथांनी भाषा आपल्या काळाकडे ओढली का, हा वाद उभा केला. तो वाद पूर्ण मिटलेला नाही. मला वाटतं अभिजात ग्रंथाची खरी खूण हीच: सातशे वर्षांनीही त्याच्या एका अक्षरावरून विद्वान एकमेकांशी बोलेनासे होतात. ज्या पुस्तकाच्या पाठाबद्दल कोणालाच भांडावंसं वाटत नाही ते पुस्तक वंदनीय असेल, जिवंत नसतं.

नुसतं जपून भागत नाही, हे चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ, लीळाचरित्र, सांगतं. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले आणि पंथाबाहेर जाऊ दिले नाहीत. पोथ्या सांभाळल्या, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिपीची किल्ली बाहेरच्या अभ्यासकांना मिळेपर्यंत मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ मराठी गद्य लिहिणाऱ्या बाकीच्यांना ठाऊकच नव्हता. ग्रंथकर्त्या म्हाइंभटांची मूळ प्रत गहाळ झाल्यावर शिष्यांनी आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला, त्यामुळे पाठही अनेक. शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांना दोन वेगळ्या वाटांनी त्याच्या आवृत्त्या कराव्या लागल्या त्या यामुळेच.

संशोधित आवृत्तीचं काम किती मोठं असू शकतं याचं माप हवं असेल तर पुण्याच्या भांडारकर संस्थेतलं महाभारत आहे. १९१९ ला आरंभ, १९६६ ला समाप्ती, १२५९ हस्तलिखितं ताडून पाहिलेली, १९ खंड. पद्धत सांगायला सोपी: मिळतील तेवढ्या प्रती गोळा करायच्या, श्लोकाश्लोकाला प्रत्येकीतला फरक तक्त्यावर उतरवायचा, समान चुकांवरून प्रतींची घराणी ठरवायची (दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक असेल तर त्या एकाच मायप्रतीच्या लेकी), आणि दोन पाठ तुल्यबळ असले तर अवघड पाठ जुना धरायचा. कारण नकलकार अवघडाचं सोपं करतो, सोप्याचं अवघड सहसा करत नाही. प्रत्येक नाकारलेला पाठ तळटीपेत द्यायचा. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची, कारण तिच्यामुळे पुढच्या पिढीला संपादकाशी भांडता येतं.

आपण मात्र गेल्या दोनशे वर्षांतल्या छापील पुस्तकांना हा न्याय लावत नाही. छापलेलं म्हणजे स्थिर, असा समज. प्रत्यक्षात छापील मराठी पुस्तक दर पुनर्मुद्रणाला थोडं थोडं वितळतं. सर्वांत मोठी उलथापालथ १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी झाली. नियम नव्या लेखनासाठी होते. आपण ते जुन्या पुस्तकांवरही चालवले. ‘तीं’ हे नपुंसकलिंगी अनेकवचन, ‘ती’ हे स्त्रीलिंगी एकवचन. अनुस्वार काढला की दोन्ही एक दिसतात, आणि एकोणिसाव्या शतकातल्या लांबलचक वाक्यात ‘ती’ म्हणजे मुलं की बाई हे वाचकाने चाचपडायचं. कवितेत त्याहून वाईट. नव्या नियमाने कवि, मति, गुरु यांचा शेवट दीर्घ झाला: कवी, मती, गुरू. गद्यात बिघडलं नाही. वृत्तबद्ध कवितेत मात्र लघूच्या जागी गुरू आला, गण मोडला, आणि चाल लावून म्हणणाऱ्याला कळेना की कवी एवढा कच्चा कसा. अलीकडे यात भर पडली ती फॉन्ट बदलण्याची. जुन्या संगणकी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार शेजारच्या अक्षरावर बसतो, पहिली वेलांटी सरकते, ‘द्य’चा ‘ध्य’ होतो. मुद्रितशोधक नेमला नसेल तर तेच पुस्तक म्हणून बाजारात जातं.

उलट काळजी घेतली तर काय होतं? बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका नातलगाने उतरून घेतल्या. १९५१ साली त्या गेल्यावर वही अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. अत्र्यांनी ओळखलं, ही गोष्ट सगळे सांगतात. मला त्याहून मोठी वाटते ती वही उतरवणाऱ्यांनी आणि छापणाऱ्यांनी न केलेली गोष्ट: त्यांनी बोली सुधारली नाही. ‘वढाय’चं ‘ओढाळ’ केलं नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे कोणी कवितेला पुणेरी इस्त्री मारली असती तर ओवीची लय आणि खानदेशातली माती दोन्ही गेली असती, आणि आपल्या हाती एक चांगलं शालेय गाणं उरलं असतं.

आता चित्रपट. इथे प्रकरण जास्त निकडीचं, कारण पुस्तकाच्या पाचशे प्रतींपैकी एखादी कुठल्यातरी नगर वाचनालयात तग धरते, चित्रपटाची निगेटिव्ह एकच असते.

भारतात तेराशेच्या आसपास मूकपट तयार झाले. उरले जेमतेम तीसेक, तेही बरेचसे तुकड्यांत. बाबूराव पेंटर यांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’ हा आपल्याकडचा पहिला वास्तववादी सामाजिक चित्रपट म्हणून प्रत्येक इतिहासात असतो. तो मूकपट आज पाहता येत नाही. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत, पण ती १९१३ च्या चित्रपटाची की फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. या तिघांना आपण सर्रास अभिजात म्हणतो. मी म्हणणार नाही. हे मैलाचे दगड आहेत. जो चित्रपट आज जिवंत असलेल्या कोणाला पाहता येत नाही, ज्याच्या एका चौकटीबद्दलही ‘हे जमलं नाही’ असं म्हणता येत नाही, त्याचा मान ठेवता येतो, आस्वाद घेता येत नाही. ‘संत तुकाराम’ (१९३६) अभिजात आहे, कारण तो आहे: व्हेनिसला १९३७ मध्ये गौरवला गेला म्हणून नव्हे, तर आजही तुकाराम झालेल्या पागनीसांचा चेहरा पडद्यावर आला की थिएटरातला नास्तिक गप्प बसतो म्हणून. तुम्ही जाऊन पडताळून पाहू शकता.

फिल्म नष्ट का होते? १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ३५ मिलिमीटरच्या फिती नायट्रेटच्या होत्या. हा पदार्थ बंदुकीच्या कापसाचा चुलतभाऊ. जळताना स्वतःच प्राणवायू पुरवतो, त्यामुळे पेटलेलं रीळ पाण्यात बुडवलं तरी जळत राहतं. पेटला नाही तरी तो कुजतो, आणि क्रम ठरलेला: आधी चित्र फिकं पडतं, मग पृष्ठभाग चिकट होऊन वेटोळी एकमेकांना धरतात, मग फोड येतात, मग सगळं घट्ट होऊन शेवटी तपकिरी भुकटी. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात संग्रहालयाच्या नायट्रेट कोठाराला आग लागली तेव्हा ऱ्हासाची ही सारी पायरी-पायरीची वाट एका दिवसात संपली. शिवाय काळ्या-पांढऱ्या फितीत चांदी असते. चित्रपट उतरला, प्रिंट पडून राहिली, निर्मात्याला पैशांची नड आली की रिळं किलोवर भंगारात जात आणि तिथे चांदी काढून घेतली जाई.

पुढे ‘सेफ्टी’ म्हणून आलेली अॅसिटेटची फीत जळत नाही, पण आंबते. ओलसर उष्ण हवेत तिच्यातून अॅसेटिक आम्ल सुटतं आणि तेच आम्ल पुढची विक्रिया वाढवतं. डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो. तपासण्याची रीत साधी आहे: डब्यात निळी सूचकपट्टी ठेवायची, दिवसाभराने ती हिरवट झाली तर सुरुवात, पिवळी झाली तर घाई. वासाचं रीळ दिसलं की आधी वेगळ्या खोलीत हलवायचं, कारण आम्लाची वाफ शेजारच्या निरोगी रिळांनाही लागते. गंजलेला पत्र्याचा डबा बदलून हवा खेळणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवायचं. फीत आकसली की छिद्रांमधलं अंतर कमी होतं आणि प्रोजेक्टरचे दाते ती फाडतात. म्हणून जुनं रीळ सापडल्याच्या आनंदात ‘एकदा लावून बघू’ म्हणणारा माणूस सर्वांत धोकादायक. रंगीत निगेटिव्हला २ ते ४ अंशांची कोरडी थंडी लागते, आणि ती वर्षाचे ३६५ दिवस. वीज गेल्यावर जनित्र चालू होत नसेल तर वातानुकूलित खोली ही नुसती बंद, दमट खोली ठरते.

आणि डिजिटल करून टाकलं की सुटलो? हिशेब करू. दोन तासांचा चित्रपट म्हणजे १०,८०० फूट फीत, १,७२,८०० चौकटी. पूर्ण ४के स्कॅनची एक चौकट सुमारे ५१ एमबी. सगळा चित्रपट जवळजवळ ९ टेराबाइट, आणि त्याच्या किमान दोन प्रती दोन वेगळ्या गावांत. त्या ज्या टेपवर ठेवायच्या ती टेप वाचणारं यंत्र, यंत्रांच्या दोन-तीन पिढ्या उलटल्या की, मिळेनासं होतं, म्हणून दर काही वर्षांनी सगळं नव्या टेपवर उतरवायचं. पोथीची नक्कल करणारा इथेही सुटलेला नाही, फक्त त्याचा पगार आता वीजबिलात दिसतो. गंमत अशी की थंड कोठारात ठेवलेली पॉलिएस्टरची फीत हे अजूनही सगळ्यात कमी कटकटीचं साधन आहे.

नरोटी ठेवणारे चित्रपटातही आहेत. १.३७ प्रमाणाची (रुंदी उंचीच्या १.३७ पट) जुनी चौकट टीव्हीच्या रुंद पडद्यात भरायला वरून-खालून कापली की उंचीतला सुमारे २३ टक्के भाग जातो; नाचणारीचे पाय जातात. संगणकाने फितीचा कण, म्हणजे चित्रातला मूळचा रवाळपणा, घासून काढला की चेहरे मेणाचे होतात. सेकंदाला १६ ते १८ चौकटींनी टिपलेला मूकपट २४ ने दाखवला की माणसं तुरुतुरु धावतात, आणि त्या काळी अभिनयच तसा होता असा प्रेक्षकाचा समज होतो. काळ्या-पांढऱ्या चित्रपटाला रंग देणं हा तर सरळ सरळ पदरची ओवी घालण्याचाच प्रकार.

चांगलं काम कसं दिसतं ते सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीने दाखवलं. १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेतल्या आगीत तिच्या मूळ निगेटिव्ह जळाल्या. करपलेली, वितळून चिकटलेली रिळं अमेरिकेतल्या, ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या संग्रहात वीस वर्षं नुसती ठेवून दिली होती, कारण त्या वेळी त्यांचं काही करण्याचं तंत्र कोणाकडे नव्हतं. पुढे इटलीतल्या बोलोन्याच्या कारागिरांनी ती रसायनात ओलावून मऊ केली, जुना डिंक खरवडला, छिद्रं एकेक करून सांधली. ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून जास्त भाग मूळ निगेटिव्हमधून परत मिळाला, ‘अपूर संसार’ला तेवढंही नशीब नव्हतं, तो पूर्ण इतर प्रतींवरून करावा लागला. उरलेलं कुठून घेतलं याची नोंद ठेवली.

इथे एक पेच आहे, आणि तो टाळता येत नाही. करपलेली रिळं कोणी वीस वर्षं सांभाळली, ती चित्रपट आधीच जगप्रसिद्ध होते म्हणून. एखाद्या कोल्हापुरी तमाशापटाची अशी रिळं त्याच संध्याकाळी कचऱ्यात गेली असती. म्हणजे अभिजात ठरलं की जपतात, आणि जपलं तरच अभिजात ठरतं. हे चक्र तोडायचा एकच मार्ग: निवड न करता जपणं. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४) उभं करणारे पी. के. नायर या मताचे होते. मिळेल ते घ्यायचं, बरं-वाईट पुढच्यांनी ठरवावं. ‘कचरा कशाला साठवता’ हा आक्षेप त्यांच्यावरही आला असणारच. पण ‘स्त्री-पुरुष तुलना’ १९०० साली कोणत्या समितीने निवडलं असतं?

याला दुसरा आक्षेप येतो: मग जे टिकलं ते सगळं अभिजात? मुळीच नाही. अभ्यासक्रमात लागलेलं पुस्तक लाखांच्या संख्येने छापलं जातं आणि परीक्षा संपली की रद्दीत जातं. त्याच्याकडे कोणी आपणहून परत येत नाही. उलट १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ घ्या. समीक्षकांनी त्याला काय दिलं असेल ते असो. तेव्हा जन्मलेलीही नव्हती ती मुलं ‘धनंजय माने इथेच राहतात का’ म्हणून दारं ठोठावतात. लोकांनीच पाठांतराने जपलेला हा ग्रंथ आहे, आणि नाकं मुरडणाऱ्यांनी मुरडावीत. त्याची नीट प्रिंट जपलेली असावी एवढी माझी मागणी आहे, कारण पाठांतरात पाठभेद होतात.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटून झाले. आता पैसा येईल तो संमेलनं, स्मारकं आणि गौरवग्रंथांवर जाण्याचा धोका आहे, कारण त्यांचं उद्घाटन करता येतं. कोरड्या थंड कोठाराचं उद्घाटन एकदाच होतं आणि वीजबिल कायमचं येतं. तरी क्रम स्पष्ट आहे. आधी सूची: शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची केली, त्यानंतरच्या पुस्तकांचं आणि मराठी चित्रपटांच्या उपलब्ध प्रतींचं तसं काम हवं, ज्यात ‘प्रत कुठे आहे आणि कोणत्या अवस्थेत’ हा रकाना असेल. अवस्था पाहणं सोपं आहे. जुन्या पुस्तकाच्या पानाचा कोपरा एकदा पुढे, एकदा मागे दुमडायचा. तुटला तर कागदातल्या आम्लाने आपलं काम केलं आहे आणि ते पुस्तक वाचनालयात घरी देण्याच्या यादीतून काढून आधी स्कॅनरखाली जायला हवं. गमतीची गोष्ट, हातकागदावर काजळाच्या शाईने लिहिलेली तीनशे वर्षांपूर्वीची पोथी ही परीक्षा पास होते आणि १९४० च्या दशकातली कादंबरी नापास.

हक्कांचा बागुलबुवा वाटतो तेवढा मोठा नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं संपली की पुस्तक मोकळं होतं; साने गुरुजींची पुस्तकं २०११ च्या सुरुवातीपासून मोकळी आहेत. चित्रपट प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी, म्हणजे १९६४ पर्यंतचे सगळे आज मोकळे. पण हक्क मोकळा झाला तरी डबा मोकळा होत नाही. निगेटिव्ह ज्याच्या माडीवर आहे त्याच्या मुलाला जाऊन भेटावं लागतं, भाडं थकलेल्या गोदामाचं कुलूप उघडावं लागतं. हे काम चालतं ते एसटीच्या तिकिटावर आणि चिकाटीवर. अध्यादेशाने ते होत नाही.

आणि एक मागणी, जिला पैसे जवळजवळ लागत नाहीत. जुन्या मराठी पुस्तकाची नवी आवृत्ती उघडली की श्रेयपानावर ‘आवृत्ती सातवी’, किंमत आणि मुखपृष्ठकाराचं नाव असतं. मजकूर कोणत्या आवृत्तीवरून घेतला, लेखन बदललं का, बदललं तर कोणत्या नियमाने, काय गाळलं, कोणी तपासलं, यातलं काही नसतं. पुनरुज्जीवित चित्रपटाच्या सुरुवातीला सुद्धा कोणत्या प्रतीवरून काम केलं आणि कोणतं रीळ दुय्यम प्रतीतून घेतलं याची पाटी हवी. पैठणला, कपिलाषष्ठीला, छापखाना नसताना हे पाच ओव्यांत लिहून झालं होतं. श्रेयपानावर पाच ओळींची जागा आजही असते.